मैदानातले प्रश्न : मेलेल्या गड्याला जिवंत कोण करणार?

प्रश्न : सर, नमस्कार. माझा मोठा मुलगा दोन वर्षांपासून अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन या गावी शिकायला आहे. तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं त्याला वेड लागलंय. आपला फुटबॉल नव्हे, ते हेल्मेट घालून खेळतात तो. तिथली जुनी पोरं अजून २०१८ सालाबद्दल हळहळतात म्हणे. देशात सगळ्यात जास्त गुण त्यांचे, तरी अजिंक्यपद नाही, कारण बचाव कच्चा. इकडं आमच्या गावच्या कबड्डी मंडळाचं तेच रडगाणं. तीन चढाईपटू असे की तालुक्यात जोड नाही, पण सलग तीन वर्षं अंतिम सामना हारलो. धाकटा त्याच संघात खेळतो. तो म्हणतो, चौथा चढाईपटू आणू, समोरचे किती गुण घेतात ते बघायचंच नाही. मोठा फोनवरून म्हणतो, आधी कोपऱ्यात उभे राहून पकड करणारे बघा. मी मधल्यामध्ये अडकलोय. नुसत्या आक्रमणावर जिंकता येतं की नाही, एकदा सांगून टाका.
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र आलं तेव्हा मला त्या फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. नातवाला शेजारी बसवलं आणि आठ-दहा रात्री जुने सामने पाहिले. पहिल्या दोन रात्री तर ही माणसं दर पाच-सहा सेकंदांनी खेळ थांबवून पुन्हा रांगेत का उभी राहतात, हेच उमजेना. तिसऱ्या रात्री उमजलं. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं. जमलं की पुन्हा चार प्रयत्न. नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. म्हणजे एकदा तुमची पाळी, एकदा त्यांची. नाव फुटबॉल असलं तरी नातं आपल्या कबड्डीशी. फरक एवढाच की त्यांच्यात आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे.

आता तुमच्या मोठ्याचं विद्यापीठ बघू. २०१८ च्या हंगामात ओक्लाहोमानं सामन्यामागं सरासरी ४८.४ गुण केले. चेंडू फेकणारा, ज्याला ते क्वार्टरबॅक म्हणतात, तो कायलर मरे. त्या वर्षीचा हाइजमन करंडक त्यालाच मिळाला, कॉलेजच्या फुटबॉलमध्ये खेळाडूला याहून मोठा मान नाही. आणि बचाव? सामन्यामागं ३३.३ गुण खिरापतीसारखे वाटले. नोव्हेंबरमधले चार सामने ओळीनं सांगतो. टेक्सस टेकशी ५१-४६, ओक्लाहोमा स्टेट या त्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाशी ४८-४७, कॅन्ससशी ५५-४०, वेस्ट व्हर्जिनियाशी ५९-५६. चारही जिंकले. चारही वेळा समोरच्याला चाळीस नाहीतर त्याहून जास्त देऊन जिंकले. तेव्हा तुमचा धाकटा अगदीच हवेत बोलत नाही.

पण मी मूळचा कोपऱ्यातला गडी. डाव्या कोपऱ्यात अकरा वर्षं उभा होतो, उजवी करंगळी अजून सरळ होत नाही. गुणफलक वाचताना माझी नजर उलट्या बाजूनं जाते. तो ४८-४७ चा सामना घ्या. जेमतेम मिनिटभर उरलं असताना ओक्लाहोमा स्टेटनं टचडाऊन केला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या टोकाच्या गोलक्षेत्रात नेला, आणि अंतर एका गुणावर आणलं. टचडाऊननंतरच्या जादा प्रयत्नात साधी लाथ मारून एक गुण घेतला असता तर बरोबरी झाली असती. ते दोन गुणांच्या प्रयत्नाला गेले, जिंकायलाच. चेंडू हवेत होता, आणि ज्या बचावाला सगळं गाव शिव्या देत होतं त्यातल्याच एका पोरानं हात घालून तो पाडला. ५९-५६ मध्ये तर बचावाच्या पोरांनीच समोरच्याच्या हातून सुटलेला चेंडू दोनदा उचलला आणि धावत नेऊन दोन टचडाऊन केले. एका टचडाऊनचे सहा गुण. ते बारा वजा करा बघू ५९ मधून.

उलटंही झालं. ऑक्टोबरमध्ये टेक्सस विद्यापीठाविरुद्ध हे शेवटच्या सत्रात २१ गुणांनी मागं होते. आक्रमणानं ते सगळे भरून काढले, ४५-४५. आक्रमणानं याहून काय करायचं असतं? बचावानं एकदा, फक्त एकदा अडवायचं होतं. नाही अडवता आलं. नऊ सेकंद उरले असताना टेक्ससनं लाथ मारून तीन गुण नेले, ४८-४५. बचावाच्या प्रशिक्षकाला लगेचच घरी पाठवलं. त्याच टेक्ससशी १ डिसेंबरला पुन्हा गाठ पडली. चौथ्या सत्रात ३०-२७ अशी ओढाताण चालू होती, तेव्हा ओक्लाहोमाच्या बचावातला एक गडी टेक्ससच्या क्वार्टरबॅकपर्यंत घुसला आणि त्याला त्याच्याच गोलक्षेत्रात आडवा केला. त्याचे दोन गुण, वर चेंडूही आपल्याकडे. सामना ३९-२७ नं जिंकला.

आणि मग २९ डिसेंबर, उपांत्य सामना, समोर अलाबामा. ओक्लाहोमाच्या अंगात यायच्या आत फलक २८-०. पुढं मरेनं गाडी ओढली, ३४ गुण उभे केले. अलाबामाचे ४५. कच्चा बचाव तेरापैकी बारा सामन्यांत कसाबसा वेळेवर जागा व्हायचा किंवा आक्रमण त्याला सांभाळून घ्यायचं. चौदाव्याला समोर तोलाचं आक्रमण आलं, आणि हा जागा होईपर्यंत सामना गेलेला होता.

खरी गंमत पुढच्या वर्षी आहे. २०१९ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा संघ, लोक एलएसयू म्हणतात, सामन्यामागं सरासरी किती गुण करत होता? ४८.४. दशांशासकट तेवढेच! मी नातवाला तीनदा बघायला लावलं. हे पंधरापैकी पंधरा सामने जिंकले. उपांत्य फेरीत त्यांना मिळालं कोण, तर ओक्लाहोमाच, आणि ६३-२८ असा चुराडा केला. त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो, त्यानं मध्यंतरापर्यंतच सात टचडाऊनचे चेंडू फेकले होते. तुम्ही म्हणाल, यांचा बचाव पोलादी असेल. अजिबात नाही. त्याच हंगामात अलाबामानं त्यांच्यावर ४१ गुण केले होते आणि ओल मिसनं ३७. पण सगळ्या हंगामाची सरासरी काढली तर सामन्यामागं २१.९ गुण जात होते. ओक्लाहोमाचे ३३.३ आणि यांचे २१.९, मधलं अंतर दोन टचडाऊनएवढंसुद्धा नाही. अंतिम सामन्यात क्लेमसन दुसऱ्या सत्रात १७-७ नं पुढं होतं. तिथून शेवटची शिट्टी वाजेपर्यंत एलएसयूनं त्यांना आठ गुण दिले. फक्त आठ. ४२-२५ नं अजिंक्यपद घेतलं.

हे सगळं बघताना नातवानं मला एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते तुमच्या पत्राचं उत्तर त्यातच आहे. तो म्हणाला, "आजोबा, एवढा भारी खेळाडू आहे तर तो बाकावर का बसलाय?"

का म्हणजे? चेंडू समोरच्यांकडे आहे. आपला बचाव त्यांना अडवत नाही तोवर मरे असो नाहीतर बरो, हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहणार. शहाणे प्रशिक्षक मग मुद्दाम चेंडू फेकत नाहीत, जमिनीवरून चार-पाच यार्ड, चार-पाच यार्ड रेटत राहतात. घड्याळ चालत राहतं, समोरचा वाघ पिंजऱ्यात.

आता आपल्या कबड्डीत या. तुमचा पहिल्या नंबरचा चढाईपटू पकडला गेला की तो अंतिम रेषेमागं जाऊन बसला. मेला. त्याला जिवंत करायचं तर समोरचा गडी मारायला हवा, एक गडी मारला की आपला एक उठतो, आणि तेही बाद झालेल्या क्रमानं. तो तिसरा बाद झाला असेल तर आधीचे दोन उठल्यावर त्याची पाळी. उरलेल्या चढाईपटूंनी बोनस आणला तर गुण मिळतो, माणूस उठत नाही. हे गावोगावच्या पोरांना पाठ असतं, पण त्याचा अर्थ कुणी लावत नाही. समोरचे साधारण दर मिनिटाला आपण होऊन एक गडी तुमच्या घरात पाठवतात. तो धरला की तुमचा वाघ बाहेर. कोपऱ्यातल्या पोराला तुम्ही बचाव म्हणता, मी त्याला चढाईपटूचा डॉक्टर म्हणतो.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याच हातून एक अंतिम सामना गेला. दुधना नदीच्या काठचं गाव, काळ्या मातीवर मुरूम पसरून दाबलेलं मैदान, बैलगाड्यांवर उभी राहिलेली माणसं. आमच्याकडे एक पोरगा होता, उंचीला साडेपाच फूट, पण मागं वळताना पाय असा टाकायचा की समोरच्याला वाटावं हा गेला, आणि हा त्याला शिवून परत. मध्यंतराला आम्ही २३-१२ नं पुढं. मी शिक्षकांच्या बाकावर बसून चक्क शेंगा फोडत होतो. दुसऱ्या डावाच्या चौथ्या मिनिटाला त्यांच्या उजव्या कोपऱ्यानं पोराचा घोटा धरला. त्याच्या आधी आमचे दोन बाद होते. मग सहा मिनिटं तो उठलाच नाही. आमचा दुसरा चढाईपटू इमानदारीनं बोनस आणत होता, गावकरी टाळ्या वाजवत होते आणि पोरगा तिथंच बसून मुरमाचे खडे एका रांगेत लावत होता. त्यांचा चढाईपटू आत आला की माझा डावा कोपरा पहिल्या पाच सेकंदांतच झेप घ्यायचा, एकटाच. हात धरून उभी असलेली साखळी मागं राहायची, गडी सुटायचा. एकदा पोरगा माझ्याकडं वळून म्हणाला, "सर, कुणीतरी उठवा की मला." शेवटी आमच्यावर लोण चढला तेव्हा तो उठला. सगळेच मेले म्हणून सगळेच उठले. ३४-३६ असे दोन गुणांनी हारलो, आणि लोणाचे जादा गुण दोनच असतात.

सगळे त्या डाव्या कोपऱ्यावर तुटून पडले. कोपऱ्याचा काय दोष? महिनाभर रोज संध्याकाळी मी बचावाच्या पोरांना मैदानात उभं केलं होतं ते आमच्या हिऱ्याला चढाईचा सराव मिळावा म्हणून. त्यांनी त्याला धरलं तर मीच ओरडायचो, "अरे, त्याला लागेल, हळू!" महिनाभर ज्यांना सोडायला शिकवलं, त्यांनी एका दिवसात धरायचं कसं? तो चढाईपटू आता गंगाखेडकडं खताचं दुकान चालवतो. भेटला की चहा पाजतो आणि हसत म्हणतो, "सर, उठवता का?"

आणखी एक गोष्ट त्या जुन्या सामन्यांत दिसली. आक्रमण फार झटपट झालं की आपलाच बचाव दमतो. मिनिटभरात टचडाऊन करून ही मंडळी परत येतात, बचावाच्या पोरांनी नुकतं पाणी तोंडाला लावलेलं असतं, लगेच पुन्हा मैदानात. टेक्सस टेकचा २०१६ चा ओक्लाहोमाविरुद्धचा सामना मोठ्याला विचारा. पॅट्रिक माहोम्स, जो पुढं व्यावसायिक फुटबॉलचा राजा झाला, त्यानं त्या रात्री एकट्यानं फेकून ७३४ यार्ड कमावले. दोन्ही संघांचे यार्ड सारखेच झाले, ८५४ आणि ८५४. निकाल ६६-५९, आणि माहोम्सचा संघ हारलेला. तो हंगाम त्यांनी पाच विजय आणि सात पराभवांवर संपवला. असा गडी संघात असून पाच विजय!

आता धाकट्याच्या बाजूचं एक उदाहरण देतो, नाहीतर तो म्हणेल सर कोपऱ्याचे म्हणून कोपऱ्याचंच बोलतात. प्रो कबड्डीत २०१७ चा अंतिम सामना. गुजरातकडं फझल अत्राचली आणि अबोझर, इराणचे दोन पहाड. पाटण्याकडं परदीप नरवाल, त्या हंगामात चढाईचे ३६९ गुण. पाटणा ५५-३८ नं जिंकलं. आक्रमणानं बचावाला उभं कापलं. मी टीव्हीसमोर तोंडात बोट घालून बसलो होतो. पण तोच पाटणा संघ डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याला बालेवाडीत अंतिम सामना खेळला. त्यांचा देवांक हंगामातला अव्वल चढाईपटू, ३०१ गुण. हरियाणानं सगळा सामना ३२-२३ वर आणून ठेवला. तेवीस! अशा चढाईपटूचा संघ आणि चाळीस मिनिटांत तेवीस गुण. परदीपसारखा गडी एका पिढीत एखादा निघतो. तुमच्या तालुक्यात तो असेल तर मला कळवा, मी भाड्याची जीप करून बघायला येतो.

तेव्हा भाऊ, चौथा चढाईपटू आणू नका. त्या पैशात पोरांना गुडघ्याचे पट्टे घ्या. तुमच्या संघाला तालुक्यातला सर्वांत भारी बचाव लागत नाही, अंतिम सामन्यात जादा तीन-चार पकडी लागतात. त्यासाठी सरावाचा पहिला पाऊण तास, पोरं ताजी असताना, पकडीला द्या. आपल्याकडं उलटं होतं, सगळे चढाया करून दमले की अंधार पडता पडता "चला, दोन पकडी करा" असं म्हणतात. आठवड्यातून दोन दिवस तिन्ही हिऱ्यांना चढाई बंद. त्यांना कोपऱ्याच्या आत साखळीत उभं करा. चढाईपटूला कुठला क्षण जड जातो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? डाव्या कोपऱ्याला शपथ घाला की शेजारच्यानं हाताला दाब दिल्याशिवाय झेप घ्यायची नाही. नजर चढाईपटूच्या डोळ्यांवर नको, डोळे खोटं बोलतात, पुढं टाकलेल्या पायावर ठेवा. आणि तीन गड्यांनी पकड करण्याचा वेगळा सराव ठेवा. तिघे किंवा कमी असताना धरलं तर अव्वल पकड, दोन गुण, आणि समोरच्यांची हवा जाते ती वेगळी. तुमचा संघ तीनवर वारंवार येतो असा माझा अंदाज आहे. चुकलो असेन तर मिशा नाहीत, नाहीतर काढल्या असत्या.

धाकट्याला एवढंच विचारा : गेल्या तीन अंतिम सामन्यांत तो स्वतः किती मिनिटं बसून होता? आकडा पुढच्या पत्रात लिहा.

प्रश्न : सर, मी बी.एस्सी. द्वितीय वर्षाला आहे आणि कॉलेजच्या संघात उजव्या कोपऱ्यात खेळते. बातमी येते ती चढाईच्या मुलींची, फोटो त्यांचा, बक्षीसही त्यांना. मावशी म्हणते, चढाई शिक, नाहीतर निवड समितीला तू दिसायचीच नाहीस. काय करू?
– एक खेळाडू, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : लेकी, मावशीचं निम्मं ऐक. चढाई शीक, कारण लोण चढायच्या बेतात असताना उरलेल्या एकट्या कोपऱ्यालाच चढाईला जावं लागतं, आणि तेव्हा हात-पाय गळता कामा नयेत. पण कोपरा सोडू नकोस. चांगल्या चढाईच्या मुली दर शाळेत दोन मिळतात. थांबून धरणारा उजवा कोपरा शोधायला मी जिल्हाभर फिरलोय.

दिसण्याचं म्हणशील तर शेजारच्या धाराशिवच्या मुलींची खो-खो जाऊन बघ. तिथं बचाव करणारीवरच सगळ्यांचे डोळे असतात, माणसं घड्याळ हातात धरून ती किती मिनिटं टिकली ते मोजतात. तिथल्याच सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. कबड्डीत ते घड्याळ नाही, म्हणून तूच एक वही कर. प्रत्येक सामन्यात किती पकडी केल्या, किती फसल्या, आणि तुझ्या पकडीमुळं कोणती चढाईची मुलगी उठली, तिनं उठल्यावर किती गुण आणले. हा शेवटचा रकाना कुणीच लिहीत नाही. निवडीच्या दिवशी वही प्रशिक्षकांच्या हातात दे. मी निवड समितीवर होतो तेव्हा अशी वही एकानंही दाखवली नाही, दाखवली असती तर मी जागेवर घेतला असता.

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलमध्ये आपल्यासारखा घोटा धरता येतो का? पोरांत पैज लागली आहे.
– एक वाचक, जालना

उत्तर : येतो. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याचा घोटा, मांडी, कंबर, काहीही धरून पाडता येतं. हेल्मेटची पुढची जाळी धरली तर मात्र पंधरा यार्डांचा दंड, आणि मागून गळ्यापाशी कॉलरीत हात घालून ओढलं तरी दंड. आपल्याकडं केस आणि कपडे धरायला बंदी आहे, त्याच जातीतलं. पैज घोट्याच्या बाजूनं लावणाऱ्याला द्या. आणि हेल्मेट घालून कबड्डी खेळून बघायचं पोरांच्या मनात असेल तर संक्रांतीच्या आत उरकून घ्या. मे महिन्यात जालन्याच्या उन्हात ते डोक्यावरून काढायला पाना लागेल.